आधी मंगल, मग कच्चेरी

बंगळूरहून परत आल्यावर बँकेत चहाच्या वेळी मला पहिला प्रश्न आला, "लालबाग पाहिली का?" नाही पाहिली. "विधानसौध?" रिक्षातून पाहिला, तोही मागच्या बाजूने. "मग आठवडाभर रजा काढून तिथे केलंस काय?" तीन मुलांचा बँड ऐकला आणि काकड्या चिरल्या, असं मी खरंखरं सांगितलं, तर कोणाला पटेना. आमच्या मिरजेत तंबोरे-सतारी बनतात, त्यामुळे गाणं ऐकायला गाव सोडून कशाला जायचं, असा इथे एकूण सूर असतो. म्हणून शेवटी आता सगळं सविस्तर लिहायला घेतलं.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. माझी थोरली मावशी बंगळूरच्या बसवनगुडीत दिलेली. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर तिकडे गेलेल्या आणि तिथलेच होऊन गेलेल्या घरांपैकी ते एक घर. मावशी आता नाही. तिचा मुलगा एकनाथ याला सगळी गल्ली अण्णा म्हणते, म्हणून मीही अण्णाच म्हणते. गांधी बझारच्या बाजूला त्याचं अस्तर-बटनांचं दुकान आहे. रामनवमीचा उत्सव आहे, आठ दिवस ये, असा त्याचा आग्रह होता आणि मी गेले.

गांधी बझार

स्टेशनवर मला घ्यायला अण्णाचा मुलगा रघू आला होता. चोवीस-पंचवीसचा, एका कंपनीत अकाउंट्स बघणारा, उंच आणि सतत कशावर तरी बोटांनी ठेका धरणारा. रिक्षात त्याने माझ्या बॅगेवर ठेका धरला, तो घर येईपर्यंत थांबला नाही.

सामान टाकलं आणि तो मला डोसा खायला घेऊन गेला. तिथला डोसा आपल्याकडच्यासारखा कागदी नसतो. जाडसर, लालबुंद, आणि वर लोण्याचा गोळा. तो मी मन लावून संपवला. मग रघूने कॉफी मागवली, "बाय-टू". वेटरने एका कॉफीच्या दोन अर्ध्या-अर्ध्या करून आणल्या. पाहुणीला अर्धी कॉफी! मला चांगलाच राग आला. मिरजेत कोणी पाहुण्याला अर्धा कप चहा दिला तर तो त्या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. पण आजूबाजूला पाहिलं, तर सूटबूटवाले, फुलवाले, पेन्शनर, सगळे अर्धी-अर्धीच पीत होते आणि कोणी कोणावर रुसलेलं नव्हतं.

"रात्री प्रॅक्टिस ऐकायला येशील की, आत्या?" रघूने विचारलं.

"कसली प्रॅक्टिस?"

"आमचा बँड आहे. अप्पा गलाटा म्हणतात त्याला."

अप्पा म्हणजे अण्णा, घरात मुलं त्याला अप्पा म्हणतात. आणि गलाटा म्हणजे कानडीत गोंधळ, धिंगाणा. आठवडाभर मी हा शब्द इतक्या वेळा ऐकला, की परतताना गाडीत शेजारणीला म्हणून बसले, जरा तुमच्या पोरांचा गलाटा कमी करा.

माडी

दुकानाच्या वर एक लांबट खोली आहे. तिच्या चारही भिंतींना छतापर्यंत अस्तराच्या कापडाचे गठ्ठे लावलेले. पॉपलीन, कॅनव्हास, कोटाच्या खांद्यात घालायच्या गाद्या. मधल्या मोकळ्या जागेत रघूचे ड्रम्स आणि दोन माणसं. मी आत गेले, एका काळ्या पेटीवर बसले, आणि त्याच क्षणी कोणीतरी गिटारची तार छेडली. माझ्या दाढा हलल्या. ती पेटी म्हणजे अॅम्प्लिफायर होता.

मला उठवून कापडाच्या गठ्ठ्यावर बसवलं गेलं आणि ओळखी झाल्या. तार छेडणारा डेरेक. कॉक्स टाउनमधला अँग्लो-इंडियन, मोटरसायकलींच्या गॅरेजमध्ये काम करणारा, गाणाराही तोच. दुसरा कुट्टप्पा, कोडगूचा, म्हणजे कूर्गचा, राहायला जे. पी. नगरला. चार जाड तारांची बेस गिटार घेऊन कोपऱ्यात उभा राहायचा आणि आठ दिवसांत माझ्याशी आठ वाक्यं बोलला असेल. त्यातली चार माझ्या वहिनीच्या चटणीबद्दल होती.

हे तिघे एकत्र आले ते एका कॅसेटच्या दुकानात. एकाच कॅसेटवर तिघांचा हात पडला. कोणी सोडायला तयार नव्हतं, तेव्हा दुकानदाराने वैतागून ती तिथेच लावली आणि तिघांनी उभ्याउभ्या ऐकली. त्या आठवड्यापासून ते एकत्र वाजवू लागले. पण ड्रम्स आणि अॅम्प्लिफायर घेऊन जायचं कुठे? कुट्टप्पाच्या गच्चीवर सुरू केलं, तर जे. पी. नगरच्या शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. डेरेकच्या गॅरेजमध्ये गेले, तर मालकाचं म्हणणं पडलं की गिऱ्हाइकाला इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही. जयनगरला एका लग्नाच्या हॉलने पहिल्याच दिवशी हात जोडले. शेवटी रघूने अण्णाला न विचारता या माडीवर एकदा वाजवून पाहिलं. कापडाच्या गठ्ठ्यांनी आवाज असा पिऊन टाकला, की खाली रस्त्यावर नुसती धडधड. दुकानावरून त्यांनी बँडचं नाव ठेवलं बटनहोल.

मी डेरेकला विचारलं, ब्लूज म्हणजे काय रे बाबा? तो इंग्रजी आणि कानडी मिसळून बोलायचा आणि रघू मला मराठीत सांगायचा. अमेरिकेतल्या काळ्या शेतमजुरांचं हे गाणं. ती माणसं कामासाठी मोठ्या शहरांत आली, तिथल्या गोंगाटात साध्या गिटारी ऐकू येईनात, म्हणून त्यांनी गिटारींना वीज जोडली. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. हे मला लगेच कळलं, कारण माझी आई भांडताना अगदी असंच बोलायची. मग डेरेकने करंगळीत पितळी नळीचा तुकडा चढवला आणि तारेवरून सरकवला. ती मींड होती, एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता सरकत जाणारी. मिरजेच्या माणसाला मींड ओळखायला कोणी शिकवावं लागत नाही. मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि नीट ऐकू लागले.

उतरताना रघू जिन्यात थांबला. म्हणाला, "आत्या, ही खोली राहील असं वाटत नाही."

गल्लीतल्या दोन-तीन जणांनी अण्णाकडे कुरकूर केली होती. अण्णा गल्लीच्या रामोत्सवाचा कर्ताधर्ता, त्याच्याबद्दल कोणी वावगं बोललेलं त्याला सोसत नाही. आणि खोलीची किल्ली त्याच्या कमरेला. त्याने मुलाला सांगून टाकलं होतं, की मांडवात एक संध्याकाळ पोरांच्या कार्यक्रमाची असते, ती तुम्ही घ्या. शेवटचं मंगल गाऊन होईपर्यंत गल्ली बसून राहिली, तर खोली तुमची. मधेच लोक उठले, तर रामनवमी झाली की तुमचा गलाटा उचला.

"दुसरी जागा बघू की," मी म्हणाले.

"सगळीकडून हाकलून झालं. ही गेली तर बँडच गेला." रघू म्हणाला. एवढा मोठा घोडा, पण त्या क्षणी मला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, आणि मी तो फिरवला.

मांडव

आपल्याकडे रामनवमी म्हणजे दुपारी बारा वाजता पाळणा, सुंठवडा, आणि घरी येऊन झोप. बंगळूरकडे हा संगीताचा उत्सव असतो. गल्लीगल्लीत मांडव पडतात आणि रोज संध्याकाळी गाणं. गाण्याच्या बैठकीला तिथे कच्चेरी म्हणतात. हा शब्द ऐकला की मला तहसीलदार आठवायचे, पण दोन दिवसांत सवय झाली. कच्चेरीच्या शेवटी मंगल गायचं, आपल्याकडे भैरवी असते तसं. मात्र भैरवी चालू असताना आपण चपला शोधतो. तिथे मंगल सुरू झालं की सगळे उभे राहतात, हात जोडतात, आणि ते संपलं की थेट प्रसादाच्या रांगेत.

प्रसाद म्हणजे पानक आणि कोसंबरी. पानक हे गुळाचं, आलं-वेलदोडा घातलेलं थंडगार पाणी. कोसंबरी ही आपल्या कोशिंबिरीची बहीणच, पण दही नाही, दाण्याचा कूट नाही. भिजवलेली मुगाची डाळ, कच्चीच, त्यात काकडी, ओलं खोबरं, लिंबू आणि मोहरीची फोडणी. पहिल्या दिवशी कच्ची डाळ पाहून मी नाक मुरडलं होतं. तिसऱ्या दिवशी मी दुसऱ्यांदा रांगेत उभी होते.

मांडवामागच्या स्वयंपाकाचं सगळं माझ्या वहिनीच्या हातात, म्हणजे अण्णाच्या बायकोच्या. तिचा एक नियम होता. कोसंबरीत मीठ आधी घालायचं नाही, नाहीतर काकडीला पाणी सुटतं. मांडवातून मंगलाचा पहिला सूर आला, की मीठ. तेवढ्यात फोडणी, तेवढ्यात लिंबू, आणि रांग येईपर्यंत पातेलं तयार. "घड्याळ कशाला पाहिजे, अक्का?" ती मला म्हणाली. "कान आहेत की."

मुलांची प्रॅक्टिस कच्चेरी संपल्यावर सुरू व्हायची. डेरेक गॅरेजमधून मोटरसायकलवर यायचा, तो नेमका मंगलाच्या वेळी. गल्लीच्या तोंडाशी गाडी बंद करायचा, हेल्मेट काढायचा, आणि सगळ्यांबरोबर हात जोडून उभा राहायचा. किती गुणी मुलगा, असं मी वहिनीला म्हणालेही.

बटनहोलची संध्याकाळ आली. खुर्च्या भरल्या होत्या. पहिल्या रांगेत सुब्बराव मास्तर, निवृत्त हेडमास्तर, गल्लीतल्या एकूण एक कच्चेरीला मांडीवर ताल धरून बसणारे. ते उठले की गल्ली उठते, असा त्यांचा मान. अण्णा खांबाला टेकून उभा, चेहरा शिक्षा वाचून दाखवणाऱ्या माणसाचा. मी आणि वहिनी मागे काकड्यांच्या ढिगापाशी. तासाभराचा कार्यक्रम, त्यामुळे निवांत चाललं होतं. खोबरं खवायचं बाकी, गूळ अजून विरघळायचा होता.

डेरेकने माइकवर सगळ्यांना नमस्कार केला. मग करंगळीतली पितळी नळी तारेवर ठेवली आणि एकट्यानेच वाजवायला सुरुवात केली. सूर असा लांब, गोड, तुटता न तुटणारा आला, की माझी विळी थांबली. आणि वहिनी किंचाळली, "मंगल! अक्का, मीठ!"

तिने ओंजळभर मीठ पातेल्यात टाकूनसुद्धा दिलं. हात कानांचं ऐकतात, डोक्याला कोणी विचारत नाही. मी धावत मांडवाच्या कडेला गेले. सगळी गल्ली उभी होती. हात जोडलेले, कोणाचे डोळे मिटलेले. सुब्बराव मास्तर उभे. अण्णासुद्धा हात जोडून उभा. फक्त ड्रम्समागे रघू तोंड उघडं टाकून डेरेककडे बघत होता, आणि कुट्टप्पा रघूकडे.

डेरेकने नंतर मला समजावून सांगितलं. त्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेचं पहिलं गीत लागलं की सगळे उभे राहतात. इथेही रोज तो येतो तेव्हा हे गीत चालू असतं आणि सगळे उभे. तेव्हा हे इथलं पहिलं गीत, असं त्याने धरून टाकलं. त्याआधी दोन तास काय झालं असेल, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं, आणि गीत संपलं की तो थेट माडी चढायचा. गल्लीचा मान म्हणून त्याने ते गॅरेजमध्ये एकट्याने बसवलं होतं, आणि या दोघांनाही चकित करायचं म्हणून सांगितलं नव्हतं. ते काम मात्र चोख झालं.

मंगल संपलं. लोकांनी देवाला नमस्कार केला आणि शांतपणे वळून प्रसादाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. पोरांनी लवकर आटोपलं म्हणून एक-दोघे खूश दिसले. समोर नुसत्या रिकाम्या खुर्च्या. रघूचा चेहरा मला बघवेना. खोली गेली, बँड गेला, आणि तेही डेरेकने भक्तिभावाने वाजवलेल्या मंगलापायी!

अण्णा माझ्याजवळ आला. हातात पळी. "उठले लोक," तो म्हणाला.

"मंगल होईपर्यंत बसले होते की सगळे," मी म्हणाले.

"मंगलच पहिलं वाजवलं तर कोण बसणार नाही, सुमन? हे चालत नाही."

पण प्रसाद तयार कुठे होता? खोबरं नाही, फोडणी नाही, पानकात गुळाचे खडे तरंगत होते. वहिनी एकीकडे स्वतःला आणि दुसरीकडे डेरेकला बोल लावत कढल्याखाली जाळ करत होती. प्रसाद घेतल्याशिवाय रांग सोडून जायची पद्धत नाही. आणि मांडव अरुंद, त्यामुळे रांग वळत वळत थेट स्टेजसमोरून गेलेली. सगळी गल्ली हातात रिकामे द्रोण घेऊन, दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे, बटनहोलकडे बघत उभी होती.

रघूने हे पाहिलं. त्याने दोन काठ्या एकमेकींवर चार वेळा वाजवल्या आणि तिघांनी सुरुवात केली.

मी खोबरं खवत ऐकत होते. डेरेक गाऊ लागला. पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, मग उत्तर. तिसऱ्या वेळेला उत्तराची ओळ आली तेव्हा रांगेतल्या पोरांनी आपोआप टाळी दिली. सुब्बराव मास्तर रांगेत सगळ्यांच्या पुढे. त्यांनी द्रोण डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने मांडीवर ताल धरला, बोटं मोजत. एकदा मोजलं, चुकलं. पुन्हा मोजलं. बारा घरं, म्हणजे तालाची बारा आवर्तनं, फिरून गाणं जिथून निघालं तिथे परत आलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर घरी पोचलेल्या माणसाचं समाधान दिसलं. मागच्या माणसाला म्हणाले, "बरोबर येतं की परत!" मग मागचाही मोजू लागला. बघता बघता अर्धी रांग मांड्यांवर ताल धरून उभी. कुट्टप्पा हसला. आठ दिवसांत तेवढाच.

तोवर कोसंबरी झाली. जराशी पाणचट, पण झाली. अण्णाने पातेलं पुढे घेतलं आणि मला हळूच म्हणाला, "बघ आता. हे कोसंबरीसाठी थांबले होते. द्रोण भरला की घरी."

पहिला द्रोण सुब्बराव मास्तरांचा. त्यांनी तो घेतला, डोळ्यांना लावला, आणि मांडवाबाहेर जायच्या वाटेकडे वळले. रघू वाजवता वाजवता त्यांच्याकडेच बघत होता. मास्तर दोन पावलं गेले, थांबले. मग वळून आपल्या खुर्चीकडे आले, बसले, द्रोण मांडीवर ठेवला आणि खाता खाता मोकळ्या हाताने ताल धरला. त्यांच्यामागून दुसरा आला. मग तिसरा. मग बायका, पोरं, दोन-तीन कुरकुरे शेजारीसुद्धा. खुर्च्या पुन्हा भरत गेल्या. अण्णा पळी हवेत धरून नुसता बघत राहिला, तेव्हा वहिनीने त्याच्या हातातून ती काढून घेतली आणि स्वतः वाढू लागली.

तासभर झाला. आणखी थोडा वेळ गेला. कोणी उठत नव्हतं, आणि कार्यक्रम कसा संपवायचा हे मुलांना कळत नव्हतं, कारण संपवायचं ते आधीच वाजवून झालं होतं. शेवटी अण्णाने मला बोलावलं.

"पोरांना जाऊन सांग. मंगल परत वाजवा म्हणावं. शेवटी मंगल झाल्याशिवाय कच्चेरी पुरी होत नाही."

कच्चेरी म्हणाला तो! मी त्याच्याकडे बघितलं, तर तो मुद्दाम दुसरीकडे बघत होता. मी स्टेजवर चढून रघूला निरोप दिला, शब्दाला शब्द. तो ऐकून रघूने डेरेकला खूण केली. मग डेरेकने पितळी नळी पुन्हा तारेवर ठेवली. या वेळी तिघांनी मिळून वाजवलं. सगळी गल्ली उभी राहिली, हात जोडले, आणि संपल्यावर सवयीने पुन्हा रांगेत गेली. वहिनीने पातेलं उपडं करून दाखवलं.

पुन्हा बसवनगुडी

त्यानंतर दोन वर्षांनी पुन्हा रामनवमीला गेले. बटनहोल आता ब्रिगेड रोडच्या पबमध्ये शनिवारी वाजवतो. मद्रासलाही जाऊन आले, तिथे अॅम्प्लिफायर जळला आणि त्याच दिवशी डेरेकने तो मोटरसायकलच्या वायरी लावून चालू केला. एका ओळखीच्या माणसाने त्यांना प्रॅक्टिससाठी काचेची, थंडगार, चकाचक खोली देऊ केली होती. एक दिवस जाऊन आले आणि म्हणाले, आवाज अंगावर येतो, आम्हाला कापड पाहिजे. माडीची किल्ली आता रघूच्या कमरेला असते. अस्तराचा गठ्ठा काढायचा तर अण्णाला मुलाकडे किल्ली मागावी लागते. ही तक्रार त्याने पहिल्याच दिवशी माझ्याकडे तीन वेळा केली, तिन्ही वेळा हसत.

बटनहोलच्या संध्याकाळी मी मांडवामागे गेले, तर मुगाच्या डाळीची एकाऐवजी दोन पातेली.

"एवढी कुणाला?" मी विचारलं.

"आज मुलांची कच्चेरी की," वहिनी म्हणाली आणि विळी माझ्याकडे सरकवली. "यांच्यात मंगल दोन वेळा असतं. बस, अक्का, काकड्या चिर. मीठ मी सांगेन तेव्हा."

बाहेर डेरेकने तारेवर पहिला सूर लावला आणि खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. सगळी गल्ली उभी राहिली होती. वहिनीने एका पातेल्यात मीठ टाकलं आणि दुसरं झाकून ठेवलं.